कार्डरॉसची सेमिनरी

आज कापूस मोजून झाल्यावर भाची लॅपटॉप घेऊन ओसरीत बसली. आर्किटेक्चरला आहे, दिवाळीसाठी आर्वीला आलीय. "मामाजी, हे पाहा नं."

स्कॉटलंडमधल्या कार्डरॉसचं सेंट पीटर्स, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवायचं विद्यालय. किलमाह्यूच्या जुन्या इस्टेटीत, दाट झाडीत. १९६६ ला सुरू झालं आणि १९८० ला बंद! शंभरेक विद्यार्थ्यांसाठी बांधलेलं, पण पूर्ण कधी भरलंच नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मोठ्या धर्मसभेनंतर, पुरोहित लोकांत राहून घडावेत असा विचार रुजला आणि ही देखणी इमारत उघडतानाच मागे पडली. त्यात छत गळायचं. पुढे काही वर्षं व्यसनमुक्ती केंद्र, मग तेही उठलं. १९९२ ला वारसा म्हणून सर्वोच्च दर्जा मिळाला, तरी १९९५ ला आवारातली जुनी हवेली जळाली. मला याचं फार वाईट वाटलं. दर्जा कागदावर देऊन राखण होत नाही.

फोटोत काँक्रीटच्या कमानी अजून ताठ, भिंतींवर रंगीत अक्षरं, खाली शेवाळ. २०२० पासून जागा एका ट्रस्टकडे आहे.

आपल्या गावचं बंद जिनिंगही असंच पडलंय. उद्या भाचीला तिथे नेतो. टेप घेऊन मोजमाप घेऊ, फोटो काढू. कुणाकडे जुने फोटो असतील तर पाठवा.