तुम्ही विचारलंत म्हणून: खऱ्या गाडीचा आवाज का टाकत नाही?

रेसिंग गेमसाठी आवाज करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग खऱ्या गाडीचा आवाज रेकॉर्ड करून सरळ का टाकत नाही?" विचारणाऱ्याचा सूर असा, की ही युक्ती आजवर आमच्यापैकी कुणाला सुचलीच नसावी. पूर्वी मी हसून विषय बदलायचे. आता एकदाच काय ते लिहून टाकते.

टाकतो हो. खऱ्याच गाडीचा टाकतो. गाडी डायनोच्या, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरवून गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, रोलरवर पट्ट्यांनी जखडून उभी करतात. एक माइक सायलेन्सरच्या तोंडाशी, जरा बाजूला, नाहीतर झोत थेट माइकवर येतो. एक जिथून इंजिन हवा ओढतं तिथे, एक बॉनेटखाली, एक आत ड्रायव्हरच्या डोक्याजवळ. मग इंजिन ठरावीक आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) स्थिर धरायचं, पाय दाबून एकदा, पाय सोडून एकदा. ४००० आरपीएमला गाडी ओढत असताना वेगळी बोलते आणि नुसती घरंगळत असताना वेगळी. ट्रॅकची अख्खी फेरी रेकॉर्ड करून चिकटवली, तर ती त्या ड्रायव्हरची फेरी झाली. तुम्ही वळणाआधी ब्रेक मारलात की गाडी मागे आणि आवाज पुढे.

म्हणून तुकडे. तुकड्यांचे लूप, म्हणजे संपला की पुन्हा पहिल्यापासून वाजणारा तुकडा, एका लूपमधून दुसऱ्यात बेमालूम सरकणं, आणि मधल्या जागी सूर चढवणं-उतरवणं. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ३००० आरपीएमला सेकंदाला १०० स्फोट होतात, ६००० ला २००. म्हणजे सूर बरोबर एक सप्तक वर. पण रेकॉर्डिंगच नुसतं सप्तकभर चढवलं, तर सायलेन्सरच्या नळीचा आणि पत्र्याचा घुमारही त्याच्याबरोबर चढतो. प्रत्यक्षात पत्रा काही आरपीएम वाढले म्हणून लहान होत नाही. गाडी 'व्हॅक्यूम क्लीनर'सारखी वाजते म्हणून तुम्ही आम्हाला शिव्या घालता, त्या आवाजाचा जन्म बऱ्याचदा इथेच होतो. हल्ली मंद गतीने चढवत नेलेलं एकच लांब रेकॉर्डिंग बारीक चिरून, हव्या त्या आरपीएमचा कण उचलून वाजवतात. बरंच बरं वाटतं. प्रश्न संपत नाही.

आणि खरा म्हणजे कुणाला ऐकू येणारा? हेल्मेटमधल्या ड्रायव्हरला, कठड्यापलीकडच्या प्रेक्षकाला, की टीव्हीसमोर बसलेल्या तुम्हाला? फॉर्म्युला वनने २०१४ मध्ये २.४ लिटरची व्ही-८ इंजिनं काढून १.६ लिटरची टर्बो व्ही-६ आणली, तेव्हा आवाज पडला म्हणून प्रेक्षकांनी केवढा गिल्ला केला. आठ सिलिंडरची सहा झाली, आरपीएम उतरले, शिवाय सायलेन्सरकडे जाणारी बरीच ताकद टर्बोच वाटेत खाऊन टाकतो. गाड्या शंभर टक्के खऱ्या होत्या. लोकांना खऱ्या वाटत नव्हत्या.

टायरचंही तेच. मागचं चाक सुटायला लागलंय हे ड्रायव्हरला कंबरेला आणि पाठीला आधी कळतं. तुम्ही सोफ्यावर बसलेले असता, तुमच्या कंबरेला काय कळणार? म्हणून गेममधले टायर प्रत्यक्षापेक्षा जास्त आणि लवकर किंचाळतात. ती लबाडी मी डोळे उघडे ठेवून करते आणि तिची मला लाज वाटत नाही.

हे सगळं मी इतक्या ठासून सांगते, त्यामागे एक गाडी आहे.

जुनी रेसची गाडी. मालक वयस्कर, तरुणपणी तिच्यावर शर्यती केलेले, इंजिन स्वतः उघडून स्वतः बसवणारे. रेकॉर्डिंगच्या दिवशी काचेपलीकडे उभे होते आणि आरपीएम लाल रेषेकडे जायला लागले की नकळत त्यांचा उजवा पाय वर उचलला जायचा. गेम तयार होत आला तेव्हा मी त्यांना मुद्दाम बोलावलं. हेडफोन दिले, कंट्रोलर हातात दिला. खरं सांगायचं तर कौतुक ऐकायलाच बोलावलं होतं.

त्यांनी गाडी पुढे नेलीच नाही. जागेवर उभी ठेवून ट्रिगर थोडा दाबायचे, सोडायचे. परत थोडा दाबायचे. मेकॅनिक ऐकतो तसे. मग हेडफोन काढून म्हणाले, "छान झालंय. कुणाची गाडी?"

"तुमचीच."

"नाही हो. माझ्या गाडीचं तीन नंबरचं टॅपेट वाजतं."

वाजत होतं. टॅपेट म्हणजे इंजिनाची झडप उघडणारा छोटा भाग, सैल झाला की टिकटिक करतो. तो आवाज मीच काढला होता. आयडलिंगचा लूप जेमतेम दोन-तीन सेकंदांचा, आणि ती टिकटिक कधी ठळक, कधी बारीक. लूप फिरला की तीच ठळक टिक ठरल्या जागी परत येते. एकदा कानाने ती पकडली की इंजिन ऐकूच येत नाही, घड्याळ ऐकू येतं. हे सगळं मी त्यांना सांगितलं, पडद्यावर लहरी दाखवल्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं. वाद घातला असता तर बरं झालं असतं. "म्हणजे जे परत परत सारखं येतं तेवढंच ठेवलंत," एवढंच म्हणाले, चहा घेतला आणि गेले.

नव्या मुलांना मी तेव्हा छातीठोकपणे सांगायचे, "खेळाडूला गाडी नको असते, गाडी चालवल्याचा भास हवा असतो." आजही ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. दोन सेकंदांच्या लूपमधलं टॅपेट मी आजही काढीन. पण तेव्हाची मी हे वाक्य जरा जास्तच सोयीने वापरायची. भास कुणाचा, हे विचारायचं राहून जायचं. ज्याने ती गाडी कधी पाहिलीच नाही त्याच्यासाठी माझी गाडी उत्तम होती, आणि खेळणारे बहुतेक तेच. मग त्या एका माणसाच्या कानाला किती किंमत द्यायची? मला अजून ठरवता आलेलं नाही.

जाता जाता संगीताबद्दल, कारण दुसरा टोमणा तोच असतो: "आम्ही गाणी पहिल्याच दिवशी बंद करतो." करा. सेगाने १९८६ च्या 'आउट रन'मध्ये शर्यतीआधी रेडिओवर हिरोशी कावागुचींच्या तीन धुनांपैकी एक निवडायला दिली, तेव्हापासून तो हक्क तुमचाच आहे. फक्त एवढं लक्षात घ्या, की गिटार आणि इंजिन एकाच कंप्रतेच्या पट्ट्यात जागेसाठी भांडतात. गाणं चालू असताना आम्ही इंजिनाला जागा करून दिलेली असते. गाणं बंद केलंत की ती जागा रिकामी पडते, आणि मग तुम्हीच म्हणता आवाज पोकळ आहे.

नंतरच्या गेममध्ये मी टॅपेट परत घातलं. लूपमध्ये नाही, वेगळ्या थरात, अनियमित वाजेल असं, आणि एकाच गाडीला. दुसऱ्याच दिवशी टेस्टिंगमधून बग आला: "इंजिनातून टिकटिक येते, दुरुस्त करावी." मी "हे असंच हवं आहे" लिहून बग बंद केला. प्रोड्यूसरने तो परत उघडला. मी परत बंद केला. आत्ता पाहिलं तर पुन्हा उघडलाय, आणि यावेळी खाली लिहिलंय, "बाकीच्या गाड्यांना का नाही?"