सहा पूर्णांक चार

अल्बमच्या रिव्ह्यूत दहापैकी सहा मार्क, ठीक आहे. सहा म्हणजे बरा आहे, एकदा ऐका, फार अपेक्षा ठेवू नका. कळलं. पण पुढचा तो पॉइंट चार कशाचा असतो हे काही मला आजतागायत कळलेलं नाही. म्हणजे तिसऱ्या गाण्यात ड्रम्स झकास वाजलेत म्हणून दोन दशांश वाढवले आणि शेवटचं गाणं उगाच सात मिनिटं ताणलंय म्हणून एक कापला, असा काही हिशोब असतो का, की रात्री दोन वाजता डेडलाइन डोक्यावर असताना माणूस डोळे मिटून एक आकडा टाकतो आणि झोपतो? मला दाट संशय दुसऱ्याचा आहे.

हे दशांशाचं वेड पिचफोर्कचं. नव्वदच्या दशकाच्या मध्याला सुरू झालेली संगीताची साइट, नव्या अल्बमला शून्य पूर्णांक शून्यपासून दहापर्यंत मार्क देते, आणि एके काळी तिथले मार्क म्हणजे ब्रह्मवाक्य. तर या लोकांनी २००१ मध्ये डॅफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या 'डिस्कव्हरी'ला दिले ६.४. आणि २०२१ मध्ये आपलेच जुने पेपर पुन्हा तपासायला काढले, एकोणीस अल्बमचे मार्क बदलले, त्यात 'डिस्कव्हरी'चे झाले थेट १०. गायिका लिझ फेअरच्या २००३ च्या अल्बमला भोपळा दिला होता, त्याचे झाले ६. काहींचे कमीही केले बरं का, इंटरपोल नावाच्या बँडचा पहिला अल्बम ९.५ वरून ७ वर आला. गाणी तीच, एक सूर इकडचा तिकडे झालेला नाही. मग वीस वर्षं ते ३.६ मार्क कुठे होते?

मला हे वाचून हसू आलं आणि जरा बरंही वाटलं, कारण हा गुन्हा मी स्वतः कितीदा केलाय. माझ्याकडे एक वही आहे, तिच्यात नवीन अल्बम ऐकला की मी मार्क लिहिते. का लिहिते माहीत नाही, कोणी विचारलेलं नसतं. आणि त्याहून वाईट सवय म्हणजे रिव्ह्यू आधी वाचायचा आणि अल्बम नंतर लावायचा. रिव्ह्यूत कोणी लिहिलेलं असतं की दुसरा अर्धा भाग ढेपाळतो, की संपलं, पाचवं गाणं संपल्यापासून मी कान टवकारून ढेपाळण्याची वाट बघत बसते, आणि साहजिकच तो ढेपाळतो. कान माझे, पण ऐकतंय दुसरंच कोणीतरी.

निदान त्या कानांना दोन्ही बाजूंनी ऐकू तरी येतं. १९६७ मध्ये बीटल्सचा 'सार्जंट पेपर' आला आणि सगळं जग वेडं झालेलं असताना न्यूयॉर्क टाइम्समध्ये रिचर्ड गोल्डस्टीन नावाच्या तरुण समीक्षकाने त्याची बिनपाण्यानं केली. पत्रांचा पाऊस पडला त्याच्यावर. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यानं सांगितलं की त्याच्या स्टीरिओचा एक स्पीकर बंद होता! म्हणजे जगातला सगळ्यात गाजलेला अल्बम बिचाऱ्यानं अर्धाच ऐकला होता. मला हा किस्सा फार आवडतो, कारण प्रत्येक समीक्षकाचा कुठला ना कुठला एक स्पीकर बंद असतोच, कोणाला सिंथेसायझर सोसत नाही, कोणाला पॉप म्हटलं की नाक मुरडायचं असतं, कोणाचा आदल्या आठवड्यात ब्रेकअप झालेला असतो.

रोलिंग स्टोन या अमेरिकन मासिकाचं बघा. १९६९ मध्ये लेड झेपेलिन या रॉक बँडचा पहिला अल्बम आला तेव्हा यांनी तो झोडपला. १९९१ मध्ये निर्वाणा बँडच्या 'नेव्हरमाइंड'ला पाचपैकी तीन स्टार, म्हणजे बरा आहे, चालेल. आणि २००३ मध्ये त्याच मासिकाने ५०० सर्वश्रेष्ठ अल्बमची यादी काढली तर त्यात हे दोन्ही पहिल्या तिसात! आपणच नापास केलेल्या पोराच्या सत्काराला आपणच हार घेऊन उभं राहायचं, असला प्रकार.

आता कोणी म्हणेल की समीक्षक नेहमी कडकच चुकतात. तसंही नाही. १९९५ मध्ये ओएसिस या ब्रिटिश बँडच्या दुसऱ्या अल्बमला ब्रिटनमधल्या समीक्षकांनी कोमट प्रतिसाद दिला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. हा चटका लक्षात ठेवून १९९७ मध्ये त्यांचा पुढचा 'बी हिअर नाऊ' आल्याबरोबर सगळ्यांनी स्टार उधळले. पहिल्या दिवशी ब्रिटनमध्ये चार लाखांच्या वर कॉप्या खपल्या. मग लोकांनी तो घरी नेऊन नीट ऐकला. काही महिन्यांत सगळ्यांचा सूर बदलला, आणि पुढे पुढे तर खुद्द ओएसिसचा नोएल गॅलघरच त्या अल्बमला नावं ठेवायला लागला. म्हणजे मागच्या वेळच्या चुकीचं प्रायश्चित्त या वेळी घेतलं, फक्त चुकीच्या अल्बमवर.

पण गंमत अशी की मला यातले चुकलेले रिव्ह्यूच पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटतात, बरोबर आलेले नाही. १९७० मध्ये बॉब डिलनच्या 'सेल्फ पोर्ट्रेट'वर ग्रील मार्कस या समीक्षकाने लिहिलं, त्याचं पहिलंच वाक्य म्हणजे 'हा काय प्रकार आहे' असं सरळ शिवी घालून विचारलेला प्रश्न. डिलनवर जीव असलेला माणूस, त्यामुळे तो राग आतून आलेला आहे. पन्नास वर्षं उलटून गेली तरी लोकांना ते वाक्य पाठ आहे. ७.३ कोणाला पाठ असतो? लेस्टर बँग्स या समीक्षकाने तर रोलिंग स्टोनमधला आपला पहिलाच रिव्ह्यू एमसी फाइव्ह या बँडला धुवायला खर्ची घातला आणि नंतर स्वतःच त्यांचा पक्का चाहता झाला. असं जीव खाऊन चुकणारा माणूस मला परवडतो, कारण तो कुठल्या गाण्यावर का चिडला ते कळतं, आणि मला ते गाणं त्याच कारणासाठी आवडेल हेही कळतं.

हल्ली असं चुकायची सोय राहिली नाही. सगळं साडेसात आणि आठच्या मध्ये. 'महत्त्वाकांक्षी पण विस्कळीत', 'परिपक्व', 'कारकिर्दीतलं धाडसी पाऊल', म्हणजे नक्की काय वाटलं ते सांगायचं नाही. त्यांचा तरी काय दोष म्हणा. पूर्वी अल्बम आधीच हातात यायचा, निवांत ऐकता यायचा. २०१३ च्या डिसेंबरमध्ये बियॉन्सेने काही न सांगता सवरता रातोरात अल्बम टाकला तेव्हा समीक्षक आणि चाहते एकाच रांगेत उभे. आता तर शुक्रवारी अल्बम येतो आणि रविवारपर्यंत मत शिळं होतं. वर चाहत्यांची फौज. २०२४ मध्ये टेलर स्विफ्टच्या अल्बमवरचा कडक रिव्ह्यू पेस्ट मासिकाने लेखकाचं नावच न देता छापला, कारण २०१९ मध्ये तिच्याच अल्बमवर लिहिणाऱ्याला धमक्या आल्या होत्या. गाण्यांवर मत दिलं म्हणून धमक्या! त्यापेक्षा गायिका हॉल्झीचा राग बरा. २०२० मध्ये पिचफोर्कने ६.५ दिल्यावर ती ट्विटरवर बोलून गेली की ते ज्या तळघरातून चालतं ते कोसळू दे एकदाचं. आणि मग तिला कळलं की पिचफोर्कचं ऑफिस न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये आहे, म्हणजे ९/११ ला टॉवर कोसळले त्याच जागी. ट्वीट लगेच गायब.

निकाल द्यायचाच तर मला अमेरिकन समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊची पद्धत पटते. १९६९ पासून हा माणूस चार-पाच ओळींत अल्बमचा निकाल लावतोय आणि शाळेसारखी ए, बी, सी अशी ग्रेड देतोय. त्यात त्यानं पुढे चिन्हं आणली, टाकाऊ अल्बमला बॉम्ब, आणि एक कात्री. कात्री म्हणजे अल्बमवर वेळ आणि पैसे घालवू नका, पण हे एक गाणं तेवढं कापून ठेवा. इतका प्रामाणिक निकाल मी दुसरा बघितलेला नाही, आपल्या सगळ्यांच्या प्लेलिस्ट म्हणजे दुसरं काय, कात्रीनं कापलेले तुकडेच की.

मी पण वहीत आता कात्री काढते, चित्रकला वाईट असल्यामुळे ती खेकड्यासारखी दिसते. गेल्या महिन्यात एका नव्या अल्बमपुढे अशीच काढली होती, फक्त चौथं गाणं ठेवलं, बाकी सगळं कंटाळवाणं. काल भांडी घासताना तोच अल्बम चुकून पहिल्यापासून लागला, हात ओले म्हणून बदलता आला नाही, आणि सहाव्या गाण्यात मागे एक बासरीसारखं काहीतरी वाजतंय जे मला तेव्हा ऐकूच आलं नव्हतं. नळ बंद करून पुन्हा ऐकलं. आहे खरंच. वही काढलीय, खेकडा खोडलाय, पुढे काय लिहायचं ते अजून ठरत नाहीये, आणि मधेच सारखं ६.४ डोक्यात येतंय.