मुलांची मोकळी दुपार
ठाण्यातल्या आमच्या घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायटीत उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधीच शिबिरांची पत्रके दारांना अडकवलेली दिसतात आणि पोहणे, अबॅकस, चित्रकला, बुद्धिबळ असे करत मुलांचा जवळजवळ प्रत्येक तास कुणा ना कुणा मोठ्या माणसाच्या हाती सोपवला जातो. या वर्गांना माझा विरोध नाही. परंतु दिवसातला निदान दुपारचा थोडा वेळ असा असावा की त्यात काय करायचे हे मूल स्वतःच ठरवेल, असे मला मनापासून वाटते.

त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत, हे आपल्याच भागात फार पूर्वी सिद्ध झाले आहे. गुजरातमधल्या भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघरमध्ये मोडते. मुलाने साधने हाताळत स्वतः शिकावे अशा माँटेसरी पद्धतीची विकतची साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून या दोघींनी बिया, शिंपले, खडे, पाने अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंनाच शिक्षणाची साधने केले.

आमच्या घरी हे काम चिंचोके करतात. मोठ्या शिशुवर्गातल्या माझ्या मुलीला आजीने एकी-बेकी, म्हणजे मुठीतल्या वस्तू सम की विषम हे ओळखण्याचा खेळ, शिकवली, तेव्हापासून मूठभर चिंचोके जमिनीवर मांडणे हा तिचा आवडता उद्योग झाला आहे. एका दुपारी तेवीस चिंचोक्यांच्या तिने पाच-पाचच्या ओळी लावल्या, तेव्हा तीन उरले. सगळे मोडून चार-चारच्या लावल्या, तरी तीनच उरले. ती बराच वेळ त्या तिघांकडे पाहत राहिली, मग तीन-तीनच्या ओळी करून दोन उरल्यावर समाधानाने हसली. मी पलीकडे मेथी निवडत होते. यालाच भागाकार म्हणतात, हे सांगण्याचा मोह अशा वेळी आवरावा, कारण आपण शिकवायला बसलो की मुलाचा शोध तिथेच थांबतो आणि ते आपल्या तोंडाकडे पाहू लागते.

मोठ्यांचे काम आहे ते आधीच्या तयारीचे. मुलाचा हात पोहोचेल अशा फळीवर चार-पाचच वस्तू ठेवाव्यात आणि बाकीच्या माळ्यावर टाकून अधूनमधून बदलाव्यात. गॅलरीच्या कठड्याजवळ खुर्ची किंवा स्टूल ठेवू नये. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती चिंचोके, मणी अशा बारीक वस्तू मुळीच देऊ नयेत, कारण त्या घशात अडकू शकतात किंवा नाकात जाऊ शकतात. त्यांना डबे, झाकणे आणि कणकेचा गोळा पुरतो. ‘आई, कंटाळा आला’ हे वाक्य ऐकताच मोबाईल पुढे करू नये. थोडा वेळ जाऊ दिला की बहुतेक वेळा मूलच काहीतरी शोधून काढते.

पसाऱ्याची तक्रार मात्र खरी आहे, विशेषतः दोन खोल्यांच्या घरात. आम्ही खेळाखाली जुनी चादर अंथरतो. संध्याकाळी मांडलेला डाव अर्धवट असेल, तर तो उचलायला न लावता चादर अलगद कोपऱ्यात सरकवतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी मुलीला तिथूनच पुढे खेळता येते.