मुलगा २३ वर्षांचा, मग सही वडिलांची कशाला? – माझा अनुभव

माझ्या डॉक्युमेंटरीत सगळ्यात जास्त वेळ शूटिंगमध्ये गेला नाही, एडिटिंगमध्येही नाही, तो गेला एका हॉस्पिटलच्या ऑफिसात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं हॉस्पिटल आहे, नाव लिहीत नाही. राग अजून गेलेला नाही म्हणूनच लिहितेय, आणि असं काही करणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल.

फिल्म एका २३ वर्षांच्या मुलावर आहे. कळव्यात राहतो. बायपोलर आहे, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी टोकाच्या नैराश्यात जाण्याचा मानसिक आजार. कॉलेज सुटलं, रबाळ्याची नोकरी गेली, मधे दारू झाली, घरात मारामारीपर्यंत भांडणं झाली, वडील साताऱ्याकडे गावी निघून गेले आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आता औषधं नीट घेतो, बाइकवर डिलिव्हरी करतो, मला ताई म्हणतो. कॅमेऱ्यासमोर इतकं सरळ बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कळव्याचं शूट, बहिणीच्या घरचं ऐरोलीचं शूट, सगळं आरामात झालं. (दिघा गाव स्टेशनवर एक शॉट हवा होता, पण रेल्वेच्या हद्दीत परवानगीचं वेगळं प्रकरण असतं, म्हणून बाहेरच्या रस्त्यावरूनच घेतला, चांगला आलाय.)

अडलं ते रक्त तपासणीच्या सीनला. त्याला लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवणारं औषध, चालू आहे, आणि लिथियम घेणाऱ्याला ठरावीक काळाने रक्तातलं प्रमाण बघावं लागतं, कमी असलं तर उपयोग नाही, वाढलं तर धोका. रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी रक्त देतात. तर तो डिलिव्हरीचा टीशर्ट घालून सकाळी बाकावर बसलाय, रक्त देऊन थेट कामाला जाणार, एवढंच मला हवं होतं. ‘वेडा पोरगा’ म्हणून ज्याला बिल्डिंगमधले ओळखतात तो स्वतःची किती काळजी घेतो ते याच सीनमध्ये दिसतं, त्यामुळे तो सोडायची माझी तयारी नव्हती.

अर्ज दिला, सोबत त्याचं संमतीपत्र, त्याच्या सहीचं. काउंटरवरचे साहेब म्हणाले, मॅडम पेशंट सायकॅट्रीचा आहे, याची सही चालणार नाही, वडिलांची आणा. मी म्हटलं तो सज्ञान आहे. म्हणाले हो पण पेशंट आहे ना. मुलगा माझ्या बाजूलाच उभा होता, आधारकार्ड हातात घेऊन, आणि एकदाही कुणी त्याच्याकडे बघून बोललं नाही. मग फाइल लीगलला गेली. लीगलवाले म्हणायचे ॲडमिनकडे आहे, ॲडमिनवाले म्हणायचे लीगलकडे आहे, फोन केला की जेवणाची सुट्टी, गेलं की साहेब मीटिंगमध्ये. मधेच कुणीतरी सांगितलं ५०० च्या स्टॅम्पपेपरवर वडिलांचं लिहून आणा म्हणजे लगेच होईल. ज्या माणसाशी मुलगा बोलत नाही, ज्याला त्याच्या आजारपणाचं काहीही सांगायची मुलाची इच्छा नाही, त्याच्याकडे मी जाऊन सही मागायची? मी स्पष्ट नाही म्हणाले आणि आजही तेच म्हणेन.

मग घरी बसून मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नीट वाचला. कलम २४ सांगतं की उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय मीडियाला द्यायची नाही. तिच्या म्हणजे त्या व्यक्तीच्या, बापाच्या नाही. आणि कलम ३ मध्ये असंही आहे की नुसतं मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस ‘अनसाउंड माइंड’चा ठरत नाही, ते कोर्टानेच ठरवायचं. ही दोन्ही कलमं पिवळ्या मार्करने रंगवून नव्या अर्जाला जोडली. त्याच्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून दिलं की तो सध्या स्थिर आहे आणि संमती देण्याचा अर्थ त्याला कळतो. डॉक्टर पहिल्यापासून आमच्या बाजूने होते, प्रश्न फक्त ऑफिसचा होता.

तरी ऑफिसला ‘घरचं कुणीतरी’ हवंच होतं. मग त्यानेच कलम १४ प्रमाणे आक्काला, म्हणजे मोठ्या बहिणीला, आपली नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात आपल्या बाजूने उभं राहणारी व्यक्ती, नेमलं. त्याला वकील लागत नाही, स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर लिहून सही केली की झालं. फिल्मच्या परवानगीसाठी हे कायद्याने गरजेचं नव्हतं, पण तो कागद बघितल्यावर साहेबांचा चेहरा सैल झाला. आणि पुढे कधी ॲडमिट व्हायची वेळ आली तर हाच कागद त्याच्या कामाचा आहे, म्हणून वाईट वाटलं नाही.

परवानगी मिळाली ती सकाळी ओपीडी उघडायच्या आधीची, दुसरा कुठलाही पेशंट फ्रेममध्ये येणार नाही या अटीवर. ही अट मात्र शंभर टक्के बरोबर होती, ती मी स्वतःही घातली असती. सीन झाला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, ताई माझ्या सहीवर झालं ना शेवटी? मला रडूच आलं.

हो, एक राहिलंच, पहिल्याच अर्जाची पोच घ्या. आवक नंबर आणि तारखेचा शिक्का असलेली झेरॉक्स माझ्याकडे होती म्हणून ‘तुमचा अर्जच आलेला नाही’ म्हणणाऱ्यांना गप्प बसावं लागलं.

संमतीपत्र मराठीत करा. नेटवरचा इंग्रजी रिलीज फॉर्म दिला तर माणूस न वाचता सही करतो. आणि बायपोलर असेल तर मेनियात, म्हणजे त्या टोकाच्या उत्साहाच्या काळात, असताना सही अजिबात घेऊ नका, हे डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. त्या दिवसांत माणूस सगळ्याला हो म्हणतो, रात्री तीनला फोन करून आत्ता शूट करू म्हणतो. तेव्हा कॅमेरा बंद ठेवायचा, फक्त फोन उचलायचा. मी संमती दर टप्प्याला परत घेतली आणि एडिट फायनल होईपर्यंत कुठलाही सीन काढायला सांगायचा हक्क त्याला लिहून दिला. त्याने तो वापरलाही, दारूच्या दिवसांतलं घरचं मोबाइल फुटेज काढायला लावलं. माझ्या मते ते फिल्ममधलं सगळ्यात ताकदीचं होतं. काढलं.

आता सेन्सॉरचा अर्ज भरतेय, तो ई-सिनेप्रमाण पोर्टलवर ऑनलाइन आहे. तिथे काही अडलं तर त्यावरही लिहीन.