पेडण्याचा डबा: अँटिव्हायरसची उचलबांगडी

मागच्या नोंदीत डब्याची, म्हणजे घरच्या जुन्या कॉम्प्युटरची, रॅम २ जीबीची ४ जीबी केल्याचं लिहिलं होतं. आता पावसाळा संपेपर्यंत डब्याला हात लावणार नाही, असं घरी कबूलही केलं होतं. ते जेमतेम आठ दिवस टिकलं.

नव्या मंडळींसाठी: कोअर टू ड्युओ, डीडीआर २ रॅम, ३२० जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि वर विंडोज १०. तिचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले हे ठाऊक आहे, तो वाद पुन्हा नको. डबा जिवंत ठेवलाय तो बाबांच्या जत्रेतल्या नाटकांच्या संहितांसाठी. त्यांचं जुनं टायपिंग सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर चालतच नाही. इंटरनेट नावापुरतं, खरी भीती पेनड्राइव्हची. चवथीनंतर तालमी सुरू झाल्या की गावभरचे पेनड्राइव्ह आमच्याकडे येतात आणि शॉर्टकट व्हायरस सोबत घेऊन येतात. फोल्डर लपलेले, त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट. गेल्या वर्षी दुसरा अंक असाच गायब झाला होता.

जुन्या अँटिव्हायरसची मुदत संपली आणि दर वीस मिनिटांनी 'नूतनीकरण करा'ची खिडकी बाबांच्या संवादांवर येऊन बसू लागली. "हे भूत काढ बाबा एकदाचं," म्हणाले. काढायला बसलो.

अनइन्स्टॉल ९० टक्क्यांवर अडकलं. पाऊण तास वाट पाहिल्यावर कळलं की आधी सेटिंगमधलं 'स्वसंरक्षण' बंद करावं लागतं. म्हणजे पाहुण्यानेच आतून कडी लावून घेतलेली. ते केलं, मग सेफ मोडमध्ये (विंडोज गरजेपुरतीच सुरू होते तो प्रकार) कंपनीचंच सफाईचं टूल चालवलं. (एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग टूलमधून सेफ बूट लावलंत तर ती खूण नंतर काढा. मी विसरलो आणि तीन वेळा सेफ मोडमध्येच उगवलो.)

एवढं करूनही विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, जागा होईना. दुसरा अँटिव्हायरस गेला की तो आपोआप सुरू व्हायला हवा. पण विंडोजच्या सिक्युरिटी सेंटरच्या लेखी जुना अजून घरातच होता. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एफएलटीएमसी ही आज्ञा चालवली, तर फिल्टर ड्रायव्हरच्या (फाइलींची ये-जा मध्येच तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत जुन्याचा एक ड्रायव्हर आरामात बसलेला. सफाईचं टूल दुसऱ्यांदा चालवल्यावर तो ड्रायव्हर उठला.

मग नवा अँटिव्हायरस टाकला. संध्याकाळी अपडेट झाला, सकाळी 'सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही'. दुपारी ठीक, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तीन दिवस मी त्याच्या नावाने बोटं मोडली, दोनदा काढून परत टाकला. चौथ्या सकाळी सहज कोपऱ्यातल्या घड्याळाकडे नजर गेली: १ जानेवारी २००९.

आमच्याकडे रात्री गडगडाट सुरू झाला की बाबा उठून सगळे प्लग उपटतात. प्लग निघाला की तारीख सांभाळायची ती मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलने, आणि तो मेलेला. डबा २००९ मध्ये जागा व्हायचा आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) त्याच्या हिशेबाने अजून जन्मलेलंच नसायचं. मग जोडणी कसली होणार! दुपारी ठीक का व्हायचं? तर बाबा टायपिंगला बसताना मुकाट्याने तारीख नीट करायचे. मला सांगावंसं वाटलं नाही त्यांना.

सेल मीटरवर २.१ व्होल्ट दाखवत होता, हवे होते ३. शुक्रवारी म्हापशाला बाजारात जायचंच होतं. दुकानदाराला सगळी रामकहाणी सांगितली, त्याने ऐकून घेतली आणि सीआर २०३२ पुढे केला. "पयलीं सेल बदलून पळय मरे."

सेल बदलला. अपडेट सुरळीत. नोटपॅडमध्ये आयकारची ६८ अक्षरांची चाचणी ओळ (अँटिव्हायरस काम करतो का हे पाहायची, निरुपद्रवी) लिहून सेव्ह केली, क्षणात पकडली. खूश होऊन उठतोय तोच आतून हाक: टायपिंग सॉफ्टवेअर उघडत नाही. नव्या अँटिव्हायरसने त्याची मुख्य फाइल संशयावरून क्वारंटाइनमध्ये डांबली होती. बाहेर काढली, तेवढा एकच फोल्डर अपवादात टाकला. पेनड्राइव्हचा ऑटोस्कॅन मात्र चालूच.

बूट व्हायला आधी साडेसहा मिनिटं लागायची, आता चारच्या आत. पूर्ण स्कॅनला पाच तास जातात, तो रविवारी दुपारी लावलाय. सेल काढताना रॅमच्या पट्ट्यांवर हिरवट थर दिसला, तो खोडरबरने घासायचाय. घरी अजून बोललो नाही.