मनोऱ्यांवरची रेघ

आमच्याकडे दुरुस्तीला चित्रं येतात ती बहुतेक बबल-रॅपमध्ये. हे आलं ते जुन्या पलंगपोसात गुंडाळून. घेऊन आलेल्या आजी पूर्व लंडनच्या, सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. छप्पर गळून त्यांच्या दिवाणखान्याची भिंत भिजली होती आणि ओल फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यातून आत शिरली होती. काचेमागे एका अवाढव्य घराचं एन्ग्रेव्हिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, होतं. मधोमध सहा खांबांचा मंडप, दोन्ही बाजूंना खिडक्यांच्या रांगा, दोन टोकांना दोन चौकोनी मनोरे.

"हे वॉन्स्टेड हाउस," त्या म्हणाल्या. "आमचे पूर्वज तिथे माळी होते. त्यांची मुलगी या मनोऱ्यात राहायची." त्यांनी उजव्या मनोऱ्याच्या खिडकीवर काचेवरून बोट ठेवलं. काचेवर नेमका तिथे बोटांचा तेलकट डाग आधीपासूनच होता. पिढ्यान्‌पिढ्या ती खिडकी पोरांना दाखवली गेली असणार.

मी लंडनमध्ये कागदाचा कॉन्झर्व्हेटर आहे. जुने नकाशे, पत्रं, छापील चित्रं दुरुस्त करतो. वॉन्स्टेडचं हे चित्र मला ओळखीचं होतं आणि त्या घराला मनोरे कधी बांधलेच गेले नाहीत हेही माहीत होतं. पण फ्रेम उघडून कागद नीट पाहिल्याशिवाय कुणाच्या घरच्या गोष्टीला धक्का लावायचा नाही, असं मी स्वतःपुरतं ठरवलेलं आहे. पावती लिहून दिली आणि चित्र ठेवून घेतलं.

काम सुरू केलं ती नोव्हेंबरातली एक सकाळ. दिवा लावल्याशिवाय टेबल दिसत नव्हतं. फ्रेमच्या पाठीमागचा तपकिरी कागद कापला, गंजलेले खिळे एकेक काढले, कागद मोकळा केला. उजेडाच्या पेटीवर धरताच त्यात जाळीच्या समांतर रेषा दिसल्या, म्हणजे जुन्या पद्धतीचा, तारांच्या साच्यावर हातानं उचललेला कागद. गुळगुळीत, बिनरेषांचा कागद इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यानंतर आला. मधोमध पुस्तकातली घडी. चहूबाजूंना तांब्याच्या पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन. भिंगातून पाहिलं की काळ्या रेघा कागदावर किंचित उठून आलेल्या दिसतात, कारण शाई पत्र्याच्या चरांत भरलेली असते आणि रूळ फिरताना ओला कागद चरात शिरून ती उचलून घेतो. शंका उरली नाही. हे पान त्या घराचा वास्तुकार कोलेन कॅम्पबेल याच्या 'व्हिट्रुव्हियस ब्रिटॅनिकस' या मोठ्या घरांच्या चित्रसंग्रहाच्या १७२५ सालच्या तिसऱ्या खंडातलं होतं.

हे एन्ग्रेव्हिंग हातात आलं की मला लालबागचं भांड्यांचं दुकान आठवतं. लहानपणी आई नवीन भांड्यावर नाव घालून घ्यायला थांबायची, तेव्हा मी त्या कारागिराच्या हाताकडे बघत उभा राहायचो. डावा हात भांडं फिरवी, उजव्या हातातली हातोडी टकटक करत छिन्नी पुढे नेई. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरणाराही तसाच. गोलाई आली की तो कोरणी फारशी वळवत नाही, कातडी उशीवर ठेवलेला पत्राच फिरवतो. फरक एवढाच की त्याला सगळं उलटं कोरावं लागतं, अक्षरंसुद्धा. कॅम्पबेलच्या बहुतेक पानांखाली उजव्या कोपऱ्यात हेन्ड्रिक हुल्सबर्गचं नाव असतं आणि पुढे 'स्कल्प्सिट'चं लघुरूप, म्हणजे 'यानं कोरलं'. डाव्या कोपऱ्यात 'डेलिनेव्हिट', म्हणजे 'यानं रेखाटलं'. त्या घराच्या विटा ज्यांनी रचल्या त्यांच्यासाठी पानावर कोपरा नाही.

कोरड्या सफाईपासून सुरुवात केली. आधी रबरी स्पंजनं समास पुसले. शंभर-दीडशे वर्षांच्या कोळशाच्या धुरानं स्पंज काळा झाला, कागद उजळला. मग आकाश. कॅम्पबेलच्या चित्रांत आकाश कोरं असतं. ना ढग, ना पाखरू, फक्त इमारत. त्या कोऱ्या भागात डाव्या मनोऱ्याच्या कडेनं एक राखाडी ओघळ उतरत होता. मी तो काजळीचा धरला. स्पंजनं जाईना, म्हणून मऊ प्लास्टिकचं खोडरबर घेतलं आणि वरच्या टोकाशी हळूच फिरवलं. ओघळ गेला. अगदी स्वच्छ गेला.

तिथेच हात थांबला. काजळी अशी निघत नाही. ती कागदाच्या तंतूंत बसलेली असते, पसरते, मागे सावली ठेवते. असं साफ निघतं ते पेन्सिलचं ग्राफाइट.

दिवा टेबलाच्या पातळीला आणून तिरका उजेड टाकला. ओघळाची रेघ झाली. घर संपतं आणि मनोरा सुरू होतो, बरोब्बर त्या सांध्यावर कुणीतरी पट्टीशिवाय, हातानं उभी रेघ मारली होती. मनोऱ्यावर दोन तिरप्या काट्या. उजवीकडेही तेच. आणि भिंग सरकवत गेलो तेव्हा दिसलं ते पाहून मी खुर्चीत बसलो. तळमजल्याच्या प्रत्येक खिडकीवर पेन्सिलचा एकेक बारीक ठिपका होता. डावीकडून उजवीकडे, एकही खिडकी न चुकवता. मनोऱ्यांच्या खिडक्यांवर मात्र ठिपका नव्हता.

कुणीतरी हे पान हातात धरून खिडक्या मोजल्या होत्या. ठिपके देत देत तो घराच्या टोकापर्यंत आला, तिथे घर संपलं, चित्र मात्र पुढे चालूच होतं, तेव्हा त्यानं रेघ ओढून मनोरे रद्द केले. वॉन्स्टेडच्या हिरवळीवर उभं राहूनच त्यानं हे केलं असेल अशी शपथ मी घेणार नाही. दुसऱ्या एखाद्या चित्राशी ताडून पाहणाराही असू शकेल. पण ठिपक्यांची ती रांग पाहताना मला मान वर करणारा आणि पुन्हा खाली कागदाकडे बघणारा माणूसच दिसत होता.

या चित्रांविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. जुनं एन्ग्रेव्हिंग म्हणजे त्या काळचा फोटो, असं लोक धरून चालतात. कॅम्पबेल मूळचा स्कॉटलंडमधला वकील. वास्तुरचनेकडे तो उशिरा वळला, आणि १७१५ साली त्यानं पहिला खंड काढला तो देशातल्या मोठ्या घरांचा संग्रह म्हणून आणि त्याच वेळी स्वतःची ओळख म्हणूनही. वर्गणीदारांची यादी पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेली. ज्यांची घरं आत होती त्यांतलेच अनेक जण वर्गणीदार, आणि उद्याचे यजमानही तेच. अशा पुस्तकात घर जसं आहे तसं कोण छापेल? जसं व्हावंसं वाटतं तसं छापतात. पहिल्या खंडात वास्तुकार व्हॅनब्रूचं कॅसल हॉवर्ड हे घर दोन्ही बाजूंना सारखं दिसतं. प्रत्यक्षात त्यानं योजलेली पश्चिमेची बाजू कधीच झाली नाही. पुढे तिथे थॉमस रॉबिन्सननं वेगळ्याच धाटणीची इमारत जोडली. पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलसाठी केलेल्या हॉटन हॉलच्या चार कोपऱ्यांवर कॅम्पबेलनं मनोरे छापले, आज तिथे जेम्स गिब्जचे घुमट आहेत. वॉन्स्टेडचे तर त्यानं तीन आराखडे छापले. पहिले दोन पहिल्या खंडात, आणि मनोऱ्यांचा तिसरा दहा वर्षांनी, तेव्हा घर बांधूनही झालं होतं.

मला यात फसवणूक दिसत नाही. घर पुरं झाल्यावरही त्यात सुधारणा सुचत राहणारा माणूस दिसतो. आणि त्या कागदांची ताकद पाहा: यॉर्कशरमधल्या वेंटवर्थ वुडहाउसची पूर्वेकडची दर्शनी बाजू हेन्री फ्लिटक्रॉफ्टनं वॉन्स्टेडवर बेतली. ती आजही उभी आहे. वॉन्स्टेड मात्र नाही.

ते कसं गेलं तेही सांगायला हवं. घराची वारस कॅथरिन टिल्नी-लॉंग. तिनं १८१२ साली विल्यम पोल-वेलस्लीशी लग्न केलं आणि त्यानं पैसा उडवून कर्ज करून ठेवलं. १८२२ च्या जून महिन्यात सामानाचा लिलाव सुरू झाला तो ३२ दिवस चालला. मग खुद्द घर दगडविटांच्या भावानं, १०,००० पौंडांना, पाडायला विकलं. २६० फूट लांबीचं ते घर शंभर वर्षांच्या आसपास उभं होतं. आज त्या जागी गोल्फचं मैदान आहे आणि मैदानात एक खड्डा. कॅथरिन १८२५ साली वारली. तिचा नवरा आर्थर वेलस्लीचा पुतण्या, म्हणजे १८०३ साली आपल्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढला त्या वेलस्लीचा.

दुपारी मी आजींना फोन केला. "एकदा येऊन बघा," एवढंच सांगितलं. त्या चारच्या सुमारास आल्या, ओला कोट खुंटीला लावला, मी चहा पुढे केला. मग जसं पाहिलं तसं सांगितलं. मनोरे कागदावरच राहिले. आणि एक रेघ मी खोडली.

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. "माझ्या आजीनं मला ती खिडकी दाखवली होती," त्या शेवटी म्हणाल्या. "मी माझ्या नातवाला दाखवली." मग विचारलं, "म्हणजे आम्ही खोटं सांगत आलो?"

मी त्यांना भिंग दिलं आणि ठिपके दाखवले. पहिला सापडायला त्यांना वेळ लागला. नंतर त्यांचं बोट कागदाच्या वर, हवेतच, एका खिडकीवरून दुसरीवर सरकत राहिलं. ओठ हलत होते. त्या मोजत होत्या. शाळेतल्या बाईंचं मोजणं ते, मध्ये एकदा चुकल्या तर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत गेल्या आणि रेघेशी थांबल्या.

"हा मोजणारा आमच्यातलाच असेल का?"

हो म्हणायचा मोह झाला. त्यांना हवं होतं तेच उत्तर होतं. "ते या कागदावरून सांगता येणार नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, आणि विषय बदलावा तसं मला विचारलं, तुम्ही मूळचे कुठले. मुंबईचा, शिवडीचा, म्हटलं. मग मलाही राहवलं नाही. कारण वॉन्स्टेडचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते या चित्रामुळे नव्हे. ती जागा १६७३ च्या सुमारास विकत घेतली जोसाया चाइल्डनं, आणि तो पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा सर्वेसर्वा झाला. जॉन एव्हलिननं १६८३ साली रोजनिशीत नोंदवलंय की वॉन्स्टेडला अक्रोडाची झाडं लावण्यावर आणि तळी खोदण्यावर चाइल्डनं अफाट खर्च केला. त्याच दशकात त्याच्याच हट्टापायी कंपनी औरंगजेबाशी लढायला उभी राहिली. त्याची झळ मुंबईला लागली. १६८९ साली औरंगजेबाच्या आरमाराचा सरदार सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला, माझगाव, माहीम घेतलं आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडून ठेवलं. शेवटी कंपनीनं बादशहाची माफी मागितली आणि दीड लाख रुपये भरले. चाइल्ड वॉन्स्टेडलाच राहिला. चित्रातलं हे घर त्याचा मुलगा रिचर्ड यानं वडिलांच्या पैशावर बांधलं. शिवडीच्या किल्ल्याखाली आम्ही पतंग उडवायचो. सिद्दी इथून आला होता हे आम्हाला कुणीतरी सांगितलेलं, पण दुसऱ्या टोकाला अक्रोडाची बाग होती हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

आजींनी कप खाली ठेवला. "तर मग तुमचीही माणसं या घरात आहेत," त्या म्हणाल्या. "आणि त्यांनाही खिडकी नाही."

यावर मला काही बोलता आलं नाही.

पुढचं काम ठरवायचं होतं. ओलीचा डाग काढायला कागद पाण्यानं धुवावा लागणार, तो ओल्या टिपकागदावर ठेवून धुईन, म्हणजे पृष्ठभागावर घर्षण होणार नाही आणि पेन्सिल जागची हलणार नाही. खालचा फाटका कोपरा जपानी कागदानं आणि गव्हाच्या खळीनं जोडीन. रेघा आणि ठिपके जसेच्या तसे राहतील. मी खोडलेला भाग पेन्सिलनं पुन्हा भरायचा का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. पेन्सिल दाबून मारलेली होती, ग्राफाइट गेलं तरी कागदात चर राहिलाय, तिरक्या उजेडात दिसतो. मी वरून रेघ ओढली तर ती माझी होईल.

त्यांनी एकच अट घातली. फ्रेमची काच नवीन घालू नका, तीच राहू द्या, फक्त आतून पुसा. बाहेरचा तो बोटांचा डाग? तो त्या स्वतः पुसतील, किंवा नाही पुसणार, घरी जाऊन ठरवतील.

त्या गेल्यावर मी अहवाल लिहायला बसलो. कागद, शाई, माप, डाग, फाटलेला कोपरा हे सगळं भराभर झालं. मग खुणांचा रकाना आला: 'दोन्ही मनोऱ्यांवर पेन्सिलच्या रेघा, तळमजल्याच्या खिडक्यांवर ठिपके. काढू नयेत.' त्याखाली नवी ओळ घेतली: 'डाव्या रेघेचा वरचा सुमारे दीड सेंटिमीटर भाग सफाई करताना माझ्या हातून खोडला गेला. चर शाबूत आहे.' आणि खाली तारीख घालून सही केली.