संयुक्त बाह्य मूल्यमापन : घोडं अडलं ते दुसऱ्या खात्यांपाशी

साथी आणि इतर आरोग्य-आणीबाणी रोखण्यासाठीची जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली (2005) पाळण्याची देशाची किती तयारी आहे, हे तपासणाऱ्या संयुक्त बाह्य मूल्यमापनाचं काम माझ्याकडे होतं. बाहेरचे तज्ज्ञ येण्याआधी देशाने स्वतःच स्वतःला गुण द्यायचे असतात, 1 ते 5; 5 म्हणजे सर्वात चांगली तयारी. लसीकरण, प्रयोगशाळा, रोगसर्वेक्षण हे आरोग्य खात्याचे घरचे विषय, ते भराभर उरकले.

अडलं ते प्राण्यांपासून माणसांना होणाऱ्या आजारांपाशी. पशुसंवर्धन खात्याला पत्र पाठवलं, ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं. फोन केला की उत्तर एकच : ‘हा आरोग्याचा विषय, आमचा काय संबंध?’ रेबीज, बर्ड फ्लू, अँथ्रॅक्स आधी जनावरांत दिसतात आणि संबंध काय म्हणे! मग बैठकीला कोणी आलंच, तर ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणणारं. दरम्यान आमच्याच लोकांनी त्या रकान्यात 4 लिहून टाकले होते आणि ‘सही तेवढी घ्या’ म्हणून माझ्यामागे लागले होते. मी कागद पुढे जाऊ दिला नाही. पशुसंवर्धन खात्याच्या त्या अडवणुकीचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी पत्र आमच्या खात्याऐवजी सरकारच्या सर्वात वरच्या प्रशासकीय कार्यालयातून गेलं, तेव्हा कुठे एक अनुभवी पशुवैद्य आले. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, की जनावरांतल्या साथीची खबर ते ओळखीच्या डॉक्टरला फोन करून देतात. लेखी व्यवस्था कुठलीच नाही. 4 चे 2 झाले. त्या खऱ्या 2 चा मला अभिमान आहे, कारण माहितीच्या देवाणघेवाणीचा लेखी आदेश पुढे कृती आराखड्यात आला तो त्यामुळेच.

म्हणून सांगते, पत्रात ‘प्रतिनिधी पाठवा’ एवढंच लिहू नका; निर्णयाचा अधिकार असलेला माणूस आणि त्याचा बदली माणूस, दोन्ही नावं मागा. जागतिक पशुआरोग्य संघटनेने पशुवैद्यकीय सेवांचं मूल्यमापन केलं असेल तर तो अहवाल आधीच मिळवा, निम्मे पुरावे त्यात सापडतात. हो, रासायनिक दुर्घटना आणि किरणोत्सर्ग हेही यातच येतात. ते विषय सांभाळणाऱ्या यंत्रणांना गुणांचे कोरे तक्ते द्या, भरलेले नकोत. आणि अर्थखात्याला पहिल्या बैठकीपासून बसवा. या मूल्यमापनाच्या प्रश्नावलीच्या 2022 च्या तिसऱ्या आवृत्तीत वित्तपुरवठ्याचं स्वतंत्र प्रकरण आहे, त्याची उत्तरं आरोग्य खात्याकडे नसतात.